सासऱ्याचा पट्टा, सुनेचा पट्टा

बसच्या खिडकीतून हिरवं कुरण दिसलं की गवतसाहेबांना राहवत नसे. शेजारचा माणूस पेंगत असो की वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला असो, ते त्याला कोपराने हळूच ढोसत आणि म्हणत, "हे गवत माझं."

तो माणूस आधी दचके. मग बाहेर नजर पोचेल तिथवर पसरलेलं कुरण बघे, मग साहेबांच्या शर्टाची विरलेली कॉलर बघे आणि एवढ्या जमिनीचा मालक बसचे धक्के का खातोय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसे. "जमीन नाही हो, गवत, गवत!" साहेब खुलासा करत. "ही जात मी निवडलेली. पूर्वी इथे नुसती कुसळं होती. गाय चार घास खाऊन मान वर करायची." पुढची सगळी हकीकत त्या बिचाऱ्याला उतरायचं ठिकाण येईपर्यंत ऐकावी लागे. साहेबांच्या बायकोने तर बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणंच सोडून दिलं होतं. ती दोन रांगा मागे बसे आणि कुणी विचारलंच तर ओळख दाखवत नसे.

माणूस बढाईखोर होता, हे खरं. पण बढाई खोटी नव्हती. कुरण संशोधन केंद्रात त्यांची उभी हयात गेली होती. शेकडो गवतं लावून, कापून, वाळवून, तोलून त्यांनी त्यातलं एक बाजूला काढलं होतं आणि ते एकच गवत आता लांब लांबच्या गावांतून गाईंच्या पोटात जात होतं. केंद्रात त्या गवताला एक क्रमांक होता. तो कुणाच्या लक्षात नव्हता. सगळे त्याला 'साहेबाचं गवत' म्हणत आणि साहेबांना 'गवतसाहेब'. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सकाळी फाटकावर त्यांची काठी वाजली नाही, तर पहारेकऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होई.

अशा माणसाच्या घरात सून आली तीही गवतवाली. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. सूनबाई मात्र रोज सासऱ्यांच्याच जुन्या खोलीत, त्यांच्याच जुन्या टेबलावर बसून काम करी. अंगाने लहानखुरी, बोलायला बेताची आणि कामाला वाघ. तिने येऊन पाहिलं तेव्हा साहेबांच्या गवताला दुखणं लागलेलं होतं. एक बारीक किडा बुडख्याशी थुंकीसारखा फेस करून त्यात बसायचा आणि रस शोषायचा. कुरणं मध्येच पिवळी पडू लागली होती. साहेबांना ते मान्य नव्हतं. "निगा नीट राखत नाहीत लोक," एवढंच ते म्हणत आणि विषय बदलत.

सूनबाईने विषय बदलला नाही. या गवतांचा संसार मोठा विचित्र असतो. त्यांना बी धरतं, पण बापाच्या मदतीवाचून. त्यामुळे प्रत्येक लेक हुबेहूब आईसारखी निघते. चांगलं गवत हाती लागलं तर हे फार सोयीचं, पण दोन गवतांचे गुण एकत्र आणायचे म्हटलं की घोडं अडलं. सूनबाईने खडकात उगवणारं एक काडीपैलवान रानगवत शोधून काढलं. त्याच्या पानांवर लव होती, किडा त्याच्या वाटेला जात नसे आणि मुख्य म्हणजे ते परक्याचा पराग स्वीकारायचं. त्या आईला तिने बाप दिला तो साहेबांच्याच गवताचा. हजारो रोपं झाली. बहुतेक सगळी बाद केली. ऊन डोक्यावर घेऊन, लोखंडी चौकट टाकून, तिच्या आतलं गवत विळ्याने कापून, ओव्हनमध्ये वाळवून आठ-नऊ वर्षांनी तिच्या हातात एक गवत उरलं. उन्हाळ्यातही हिरवं राहणारं, किड्याला दाद न देणारं.

केंद्रातल्या लोकांना चघळायला विषयच मिळाला. शेवटच्या चाचणीसाठी मोठ्या कुरणात एक पट्टा जुन्या गवताचा, एक नव्याचा, असे आळीपाळीने पट्टे लावले, तेव्हा मजूर एकमेकांना ओरडून सांगत, "अरे, सासऱ्याला पाणी दे! सुनेतलं तण काढ!"

साहेब वरून हसत. आतून त्यांना ते फारसं रुचत नव्हतं. "माझंच रक्त आहे त्यात," ते भेटेल त्याला सांगत. "बाप कोण? माझं गवत. मग चांगलं निघणारच!"

चाचणी साधी होती. तीन सकाळी केंद्राचा कळप कुरणात सोडायचा आणि मचाणावर बसून ठरल्या वेळी वाजणाऱ्या घंटेगणिक टिपायचं, की कुठल्या गाईचं तोंड कुठल्या पट्ट्यात आहे. कापून तोललेलं वजन कितीही भरो, गाईने खाल्लं नाही तर ते गवत काय कामाचं? तिसऱ्या सकाळी समिती येणार होती. संचालकांनी सूनबाईला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "गाईंनी नाकारलं तर पट्टे नांगरून टाकू. जागा दुसऱ्या कामाला हवी आहे." म्हणजे आठ-नऊ वर्षं मातीत. ती "बरं" म्हणाली होती आणि घरी येऊन जेवली नव्हती.

पहिल्या सकाळी फाटक उघडलं. फाटकाला लागून सुनेचाच पट्टा होता. गाई आत शिरल्या, लवदार पानांना नाक लावलं, फुर्र केलं आणि सरळ तो पट्टा तुडवून सासऱ्याच्या पट्ट्यात गेल्या. तिथे त्यांच्या माना खाली गेल्या त्या वर येईनात. कचाकच तोडण्याचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू येत होता. मचाणावरचे दोघे घंटा वाजली की टिपत होते, आणि न टिपताही सगळ्यांना दिसत होतंच.

गवतसाहेबांची छाती फुगली. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांनी, इतक्या टीकेनंतर, गाईंनी भर मैदानात निकाल दिला होता! ते कुंपणाला टेकून उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघू लागले, की जणू गाईंना त्यांनीच शिकवून पाठवलं होतं. सूनबाई पाण्याच्या हौदाजवळ उभी होती. तिचा चेहरा पडला होता, पण मान ताठ होती.

दुपारी जेवताना साहेब म्हणाले, "मन लहान करू नकोस. गवत वाईट नाही तुझं. पण चव ही चव असते."

"हो, बाबा," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी नवऱ्याच्या ताटात वाढता वाढता हात आखडता घेतला, तो पुन्हा सैल केलाच नाही.

दुसऱ्या सकाळी तेच. गाई शिरल्या, नाकं मुरडली, सुनेला ओलांडून सासऱ्याकडे गेल्या. साहेब आज घरून दुर्बीण घेऊन आले होते. विजय जवळून बघायचा होता त्यांना. एकेक गाय, एकेक तोंड, एकेक घास ते चवीने बघत होते आणि दुर्बीण फिरता फिरता एका जागी थांबली.

कळपापासून दूर, फाटकाजवळ, एक तांबूस एकशिंगी गाय एकटीच चरत होती. सुनेच्या पट्ट्यात. नुसती तोंड लावत नव्हती, तर बुडख्यापासून जीभ गुंडाळून तोडत होती. पट्टा संपला तेव्हा ती सासऱ्याच्या पट्ट्यात शिरली, दोन घास घेतले आणि चक्क वळून मागे आली.

साहेबांनी दुर्बिणीची काच शर्टाला पुसली आणि पुन्हा बघितलं. गाय तिथेच होती.

"ही एकशिंगी कुठली रे?" त्यांनी गुरं सांभाळणाऱ्याला विचारलं.

"ती होय? ती मागच्या उन्हाळ्यात आणली, साहेब. एका गाईच्या बदल्यात. अजून कळपात रुळली नाही. जरा तिरसट आहे."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या सगळ्या घरच्याच की! इथेच जन्मल्या, इथेच वाढल्या. त्यांच्या आयाही इथल्याच. तुमच्या गवतावर पोसलेल्या आहेत, साहेब, पिढ्यान्‌पिढ्या!"

तो कौतुकाने बोलला होता, पण साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. ते फाटकाजवळच्या दगडावर बसले. चाचणीचा नियम त्यांनीच लिहिला होता. 'चरण्याच्या चाचणीस केंद्राचाच कळप वापरावा.' लिहिला तेव्हा केंद्राचा कळप नुकताच ट्रकमधून उतरला होता. दूरदूरच्या बाजारांतून गोळा केलेल्या गाई. एकीनेही केंद्रातलं एक पानसुद्धा कधी चाखलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी सगळी गवतं सारखीच अनोळखी होती आणि म्हणूनच त्यांनी निवडलं ते खरं निवडलं होतं. पुढे त्याच गवतावर वासरं झाली, वासरांच्या गाई झाल्या. आईच्या तोंडचा घास हुंगत वासरू खायला शिकतं. नियम मात्र तसाच राहिला. तो बदलायला हवा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण तो गवतसाहेबांनी लिहिलेला होता!

म्हणजे गाई त्यांच्या गवताची तारीफ करत नव्हत्या. माहेरचं जेवत होत्या, इतकंच.

साहेबांना वाटलं, गप्प बसावं. वाटलं त्यांना तसं, खोटं कशाला सांगा. उद्या समिती येईल, लिहील, जाईल. एका तिरसट गाईकडे कोण बघतंय? आणि मग बसमध्ये, पुढची जितकी वर्षं मिळतील तितकी, खिडकीबाहेरचं गवत त्यांचंच राहील. पिवळं का असेना.

ते घरी गेले ते तडक सुनेच्या खोलीत. ती टेबलाशी कागदी पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

"तुला ठाऊक होतं," ते दारातूनच म्हणाले.

तिने विचारलं नाही काय ते. "हो."

"मग बाहेरचा कळप का मागितला नाहीस?"

"मागितला होता, बाबा. दोनदा. ऑफिसातून उत्तर आलं, नियमात बसत नाही. आणि वर हसून म्हणाले, नियम तुमच्या घरातूनच आलाय."

"मला का नाही सांगितलंस? मी एका शब्दात..."

"म्हणूनच नाही सांगितलं." तिने चिकटवलेली चिठ्ठी अंगठ्याने दाबली. "तुम्ही एक शब्द टाकला असता आणि माझं गवत पास झालं असतं. मग जन्मभर लोक म्हणाले असते, सासऱ्याने नियम वाकवला म्हणून सुनेचं गवत आलं. त्यापेक्षा नांगरलेलं बरं. माझं गवत कुणाच्या उपकारावर उगवायला नकोय मला."

ही पोर आपल्याच टेबलावर बसलीय आणि आपल्यापेक्षा जास्त ताठ आहे, हे साहेबांना एकदम दिसलं. रागवावं की पाठ थोपटावी तेही कळेना.

सासूबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या. "काय हो, गाई तुमच्या, गवत तुमचं, नियम तुमचा," त्या म्हणाल्या. "मग जिंकलात ते कुणाला?"

तिसऱ्या सकाळी समिती आली. तिघे होते. अध्यक्ष एके काळी साहेबांच्याच हाताखाली शिकलेला. केस पांढरे झाले तरी साहेबांपुढे अजून हात बांधून उभा राही. गाई आत आल्या आणि सासऱ्याच्या पट्ट्यात गेल्या. एकशिंगी सुनेच्या पट्ट्यात राहिली. तिची नोंद मचाणावर झाली, पण एवढ्या कळपात एका तोंडाला विचारतो कोण?

अध्यक्षांनी साहेबांचा हात हातात घेतला. "सर, मानलं! इतकी वर्षं झाली, अजून तुमच्या गवताला तोड नाही."

हेच ऐकायला ते इतकी वर्षं या फाटकात येत होते. ऐकलं, आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

"गवत नाही जिंकलं," ते म्हणाले. "सवय जिंकली. या गाई माझ्या गवतावर जन्मल्यात. त्यांना विचारणं म्हणजे लेकीला विचारणं, की आईच्या हातचं आवडतं की शेजारणीच्या. ही चाचणी रद्द धरा."

पाण्याच्या हौदाजवळ सूनबाईने झटकन वर पाहिलं.

"पण सर, नियम..." अध्यक्ष चाचरले. "नियम तुम्हीच घालून दिलेला आहे."

"म्हणूनच तो कुठे चुकलाय ते मला सांगता येतं. मी लिहिला तेव्हा कळप परका होता. तो आता घरचा झालाय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लिहून घ्या, चूक माझी." मग ते जरा थांबले आणि आवाज चढवून म्हणाले, "आणि हेही लिहून घ्या, की ही चूक माझ्या सुनेला माझ्या आधी कळली होती. तिने दोनदा लेखी मागणी केली होती. माझ्या नावाचा धाक दाखवून तुम्ही लोकांनी ती परत पाठवलीत!"

अध्यक्षांनी लिहून घेतलं. काय करणार? सरांनी सांगितलं होतं.

परका कळप मिळणंही सोपं नव्हतं. साहेबांचं गवत सगळ्या मुलखात पसरलेलं. त्याची चव माहीत नसलेली गाय आणायची कुठून? शेवटी सूनबाईनेच डोंगराच्या अंगाला राहणारा एक गवळी शोधला. तिथली जमीन खडकाळ, साहेबांचं गवत तिथे कधी धरलंच नव्हतं. 'त्या जमिनीत काही दम नाही,' असं साहेब सगळ्यांना सांगत आले होते. आता त्याच जमिनीवरच्या गाई त्यांचा निकाल द्यायला खाली उतरणार होत्या.

पट्टे पुन्हा वाढून तयार झाले तेव्हा गवळी आपला कळप घेऊन आला. हाडं दिसणाऱ्या, चपळ, डोंगरी गाई. समिती आली, मचाणावर टिपणारे बसले. फाटकाची कडी काढायला गुरं सांभाळणारा पुढे झाला, तर साहेब म्हणाले, "थांब. मी काढतो."

यावेळी फाटकाला लागून सासऱ्याचा पट्टा होता. सूनबाईने मुद्दाम दुसऱ्या बाजूचं फाटक मागितलं होतं. नंतर कुणी म्हणायला नको, की तिचं गवत आधी लागलं म्हणून खाल्लं.

गाई आत आल्या. सासऱ्याच्या पट्ट्यात थांबल्या, खाऊ लागल्या. साहेबांची काठीवरची मूठ घट्ट झाली. चांगलं खात होत्या. का नाही खाणार? गवत चांगलंच होतं ते. मग पुढची एक काळी गाय सुनेच्या पट्ट्यात शिरली. तिने लवदार पानांना नाक लावलं. फुर्र केलं नाही. जीभ बाहेर काढली, गुंडाळली, तोडलं. पुन्हा तोडलं. मागच्या दोघी तिच्या शेजारी गेल्या. हळूहळू सासऱ्याचा पट्टा रिकामा होत गेला आणि सुनेच्या पट्ट्यात पाठीला पाठ लागली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. काळी गाय पट्टा ओलांडून पुढे गेली, तिथे पुन्हा सासऱ्याचा पट्टा लागला, तो तिने चालत पार केला आणि पलीकडच्या सुनेच्या पट्ट्यात मान घातली. आता कचाकच आवाज तिथून येत होता.

साहेब बघत राहिले. छातीत काहीतरी दुखलं, हे खरं. उभ्या हयातीचं गवत गाय चालत ओलांडून गेली की दुखणारच. पण त्या दुखण्याच्या मागोमाग असं काही भरून आलं, की त्यांना काठी दुसऱ्या हातात घ्यावी लागली. हौदाजवळ ती लहानखुरी पोर उभी होती. दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळत होती आणि हसू दाबता दाबता रडायच्या बेतात आली होती. ही माझ्या घरातली, साहेबांना वाटलं. माझ्या घरातली!

गवळी कुंपणाशी आला. आपल्या गाई इतक्या मन लावून चरताना त्याने बऱ्याच दिवसांत पाहिल्या नव्हत्या. "साहेब," तो म्हणाला, "आमच्या वर खडकात येईल का हो हे? आणि हे गवत तुमचंच ना? सगळे म्हणतात, गवत म्हणजे गवतसाहेबांचंच."

अध्यक्ष लगबगीने पुढे झाले. "म्हणजे काय! सरांचंच समज. याचा बाप सरांचंच गवत आहे."

समितीतले तिघेही हसून साहेबांकडे बघू लागले. 'माझंच रक्त आहे त्यात' हे वाक्य ऐकायची त्यांना सवय झाली होती.

"नाही," साहेब म्हणाले. "हे गवत माझ्या सुनेचं."

त्यांनी ते इतक्या मोठ्याने सांगितलं, की काळ्या गाईने मान वर करून पाहिलं आणि हौदाजवळच्या सूनबाईने पिळलेली ओढणी सोडून दिली. गवळ्याला काही कमी ऐकू येत नव्हतं. तरी त्यांनी त्याला कोपराने हळूच ढोसलं आणि पुन्हा एकदा सांगितलं.